एक आडवी रेघ

“एक चमचा अर्धा चमचा. म्हणजे दीडच ना गं?”

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एका हातात तापाच्या औषधाची बाटली, दुसऱ्या हातात मोबाइल. ठमी आईच्या खांद्यावर मलूल होऊन पडली होती. तिने लेकीला सावरत मोबाइल हातात घेतला. मुलांच्या इस्पितळाची वेबसाइट. पान ओळखीचं होतं. गेले कित्येक दिवस तिनेच ते घासूनपुसून लख्ख केलं होतं आणि आज सकाळीच नवी साइट लोकांसाठी खुली झाली होती.

“थांब,” ती म्हणाली. “झाकण उघडू नकोस.”

इस्पितळाची जुनी पानं म्हणजे सतरा हातांनी घातलेले टाके होते. कुठे उघडलेला टॅग, म्हणजे मजकूर कसा दिसावा हे सांगणारी खूण, मिटलेलाच नाही, कुठे एकाच्या पोटात तीन कोंबलेले. ते हाताने निस्तरायचं तर जन्म गेला असता. म्हणून तिने एक लायब्ररी लावली होती, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार प्रोग्रॅम. त्याला सांगायचं, एवढे टॅग ठेव, बाकीचे काढ, मजकुराला मात्र धक्का लावू नकोस. ठेवायच्या टॅगची यादी तिच्या कंपनीची ठरलेली होती. हॉटेल असो, शाळा असो, सगळ्यांना एकच. लायब्ररीने पानामागून पान विंचरून काढलं. तपासणीत एकही लाल खूण उरली नाही, तेव्हा बाळंतपणाच्या रजेनंतर पहिल्यांदाच तिला वाटलं होतं, आपण अजून कामाच्या आहोत.

ठमीला नवऱ्याकडे देऊन तिने लॅपटॉपवर जुनं पान काढलं. तिथे ‘एक चमचा’ या शब्दांवर आडवी रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘अर्धा चमचा’. रेघेचा टॅग यादीत नव्हता. लायब्ररीने सांगितल्याबरहुकूम रेघ तेवढी काढली आणि मजकूर जपला.

यादीत टॅग घालून तिने सगळी पानं पुन्हा लायब्ररीतून काढली, साइटवर चढवली, मोबाइलवर उघडून पाहिली. रेघ परत आली होती. पण सकाळपासून ते पान किती जणींनी उघडलं, त्याचा आकडाही लॅपटॉपवर शेजारीच दिसत होता. तिने तो पाहिला आणि पडद्यावरची ती चौकट मिटली. त्या सगळ्यांच्या घरात तापलेलं मूल असणार, नाहीतर हे पान कोण उघडतं?

टीमलीडला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो आधी तिच्यावर, मग यादीवर आणि शेवटी इस्पितळावर चिडला. चुकलेलं खोडून ठेवतात कशाला, पुसून टाकता येत नाही का, असं म्हणाला. मग आवाज खाली आणून बोलला, “दुरुस्त झालं ना? मग झाकली मूठ राहू दे. त्यांना कळलं तर काम हातचं जाईल. आणि रजेवरून आल्यापासून तुझी तर अजून परीक्षाच चालू आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्या पगारावर होतं. फोन ठेवून ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने सगळं ऐकलं होतं. ठमीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत तो म्हणाला, “तू बाहेर गेली असतीस ना, तर मी दीड पाजलं असतं.”

तिने इस्पितळाला फोन लावला. ही पानं लिहिणाऱ्या सिस्टरना बोलावून आणायला वेळ लागला, आणि तेवढ्यात फोन ठेवून द्यावा असं तिला दोनदा वाटलं. सिस्टर आल्या. त्यांनी मध्ये एकदाही न बोलता ऐकून घेतलं.

“औषध बदललं आमचं,” त्या सावकाश म्हणाल्या. “नवं दुप्पट कडक आहे, म्हणून अर्धं. आमच्यात चुकलेलं, जुनं झालेलं पुसत नाहीत हो. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी नवं लिहायचं. केसपेपरवर करतो तसंच मी तिथे केलं.”

“मला माहीत नव्हतं, सिस्टर.”

“कसं असेल? किती जणींनी पाहिलंय?”

तिने आकडा सांगितला. पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. सकाळी येऊन गेलेल्यांना आम्ही फोन करतो, सूचनाही लावतो, सिस्टर म्हणाल्या. बाकीच्या कोण, कुठल्या, ते कसं कळणार. मग म्हणाल्या, “मागे बाळ रडतंय ते तुमचंच ना? अर्धाच चमचा द्या.”

ठमीने अर्धा चमचा घेतला, त्यातला थोडा आईच्या ओढणीवर सांडला. तिला मांडीवर घेऊन ती पुन्हा लॅपटॉपपाशी बसली. रेघ गेली तसं आणखी काय गेलं असेल? ‘हे देऊ नका’ अशी लाल अक्षरं? ती जुनं पान आणि नवं पान शेजारी लावून, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. उलट्यांचं पान झालं, खोकल्याचं झालं. कान फुटण्याचं पान उघडताना पडद्यावर पासवर्डची चौकट आली. तिने टाकला. घेतला नाही. अक्षरं चुकली असतील म्हणून एकेक बघून पुन्हा टाकला. मग टीमलीडला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

जुनी पानंही कंपनीच्या त्या कुलपामागेच राहिली होती.

“इस्पितळाचा फोन गेला असणार कंपनीत. तुझं खातं बंद केलं का त्यांनी?” नवऱ्याने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. तो दिवा लावून तिच्याशेजारी येऊन बसला.

थोड्या वेळाने तिने मोबाइल उचलला आणि इस्पितळाची साइट उघडली, कुणीही उघडेल तशी, बाहेरून. आता ताडून पाहायला काही नव्हतं. ती पुटपुटत वाचू लागली. जिथे वाक्य कानाला खटकेल तिथे थांबायची, मागे जायची, पुन्हा वाचायची. जुलाबाच्या पानावर ती बराच वेळ अडली. मग तिने फोन लावला.

या वेळी दुसऱ्याच कुणी उचलला.

“सिस्टरना जुलाबाच्या पानावरची तिसरी ओळ बघायला सांगाल का?”

“सांगते. कुठल्या कंपनीतून म्हणून सांगू?”

“कंपनीतून नाही,” झोपलेल्या लेकीवरून हात फिरवत ती म्हणाली, “घरून बोलतेय.”