खेळाडूंसाठी केलेला बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. बाभळीचा, सात हात लांब, आणि इतका जड की उचलणारे चौघे मला शिव्या घातल्याशिवाय राहत नाहीत. जानेफळच्या अलीकडे एका छोट्या गावात हुतूतूच्या मंडळाची टिनाची खोली आहे. खेळाडूंनी तिथे बसून कपडे बदलावेत, गुडघ्यांना पट्ट्या बांधाव्यात, म्हणून मला केलं. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. चूक माणसांनी केली, गावाला कशाला बोल लावू?

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मला घडवलं इंद्रभान सुताराने. मोठा हट्टी माणूस! बाभळीच्या फळ्या त्याने चार महिने नाल्याच्या डोहात बुडवून ठेवल्या, मग सावलीत वाळवल्या. "पाण्यात मुरल्याबिगर कीड जात नाई," एवढंच त्याचं उत्तर. माझ्या अंगात एक खिळा नाही. खाचेत खाच बसवून त्याने लाकडी मेखा ठोकल्या.

मंडळाचे अध्यक्ष उकंडराव यांना एवढा धीर कुठला? त्यांनी मधल्या काळात डोणगावच्या बाजारातून दुसरा बाक आणला. सलईच्या हलक्या लाकडाचा, खिळ्यांवर जोडलेला. पण पॉलिश असं की बघणाऱ्याने तोंड पाहून घ्यावं. मी त्याच्या शेजारी काळाकुट्ट दिसत होतो. खरं सांगतो, मला लाज वाटली.

"दिसण्यावर नका जाऊ, उकंडराव," इंद्रभान म्हणाला. "सारे पोट्टे एकदम बसवा दोन्हीवर."

सगळा संघ माझ्यावर बसला. वर निवृत्तीने उभं राहून दोन उड्या मारल्या. मी हूं की चूं केलं नाही. त्या चकचकीत बाकावर पाचच जण बसले आणि तो कुरकुरायला लागला.

"याच्यावर कपडे ठेवा. माणूस नका बसवू," इंद्रभानने सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि खोलीतली जागा मला मिळाली.

हा निवृत्ती म्हणजे वांगी-मिरच्या लावणाऱ्या सोजराबाईचा एकुलता लेक. चढाईला गेला की दोन-तीन गडी मारूनच परतायचा. रोज संध्याकाळी माझ्यावर बसून तो घोट्यांना तेल चोळायचा आणि म्हणायचा, "जिल्ह्याच्या संघात घेतलं ना मले, तर मायले नागपूर दाखवीन." माझा फार जीव होता त्याच्यावर.

पौषात मोठा सामना ठरला. बुलढाण्याहून जिल्ह्याचा संघ निवडणारे साहेब येणार होते. मांडव घातला, आणि ऐन वेळी लक्षात आलं की गावात धड खुर्च्याच नाहीत.

"पाहुण्यांले काय त्या कुरकुऱ्या बाकावर बसवता बे?" उकंडराव ओरडले. "बाभळीचा आणा!"

कोणी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे नवी वाकळ पाहुण्याला, घट्ट दही पाहुण्याला. मग चांगला बाक तरी दुसऱ्या कोणाला जाणार? इंद्रभान असता तर आडवा आला असता, पण तो त्या दिवशी सुलतानपूरला लेकीकडे गेला होता. माझा एक कोपरा तर निवृत्तीनेच उचलला. हसत होता वेडा!

माझ्यावर पांढरी चादर अंथरली. साहेब टेकले, हार घालून घेतला आणि म्हणाले, "तुमच्यातला निवृत्ती कोणता? मी त्यालाच बघायला आलोय."

"आत्ता येऊन राह्यला, साहेब," उकंडराव म्हणाले.

तेवढ्यात टिनाच्या खोलीतून कडाड् आवाज आला. सगळा संघ पट्ट्या बांधायला त्या पॉलिशच्या बाकावर बसला होता. त्याचा पाय निखळला, फळी कोसळली, आणि तिच्याखाली निवृत्तीचा घोटा सापडला. वर सहा जणांचं वजन. मी पन्नास पावलांवर होतो, मित्रांनो, आणि माझ्यावर तीन माणसं चहा पीत बसली होती.

पोरांनी त्याला बाजेवर घालून मांडवासमोरून नेलं. साहेब उठून उभे राहिले. "अरेरे! कोण हा?"

बाजेवरून उत्तर आलं, "मीच निवृत्ती, साहेब."

हाड वाकडं जुळलं. तो पुन्हा कधी मैदानात उतरला नाही. दुसऱ्या दिवशी मला धुऊन-पुसून खोलीत ठेवलं. इंद्रभान परत आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तसाच निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी निवृत्ती लंगडत खोलीत आला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

"खाली काऊन बसला बे? बाकावर बस ना," उकंडराव चुचकारून म्हणाले.

"राहू द्या काका. पाहुणे येतीन."

उकंडराव तोंड फिरवून रडले. पण पुढच्या सामन्याला मला पुन्हा मांडवातच नेलं. अजूनही नेतात.

मित्रांनो, बाक निवडताना लाकूड पाहा, जोड पाहा, सगळ्यांना एकदम बसवून पाहा. आणि ज्यांच्यासाठी निवडला, त्यांच्याखालून तो काढून नेऊ नका. पाहुणे सतरंजीवरही बसतात हो. त्या दिवशी साहेबांना 'सतरंजी चालेल का?' असं कोणी विचारलंच नाही.