पुलाचे अठ्ठ्याण्णव टक्के

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या खोलीत बसून ती दर महिन्याच्या पंचवीस तारखेला शहराची प्रगती करत असे. म्हणजे 'कामांची सद्यःस्थिती' नावाचं चार पानी पत्रक काढत असे. कुठला रस्ता किती झाला, पाण्याची टाकी किती चढली, बाजाराच्या छपराचं काय, सगळं टक्क्यांत. अहवाल अभियंता विभागाकडून यायचे. नाही आले तर काय करायचं, ते आधीच्या कारकूनबाईंनी खुर्ची सोडताना सांगून ठेवलं होतं. "मागच्या आकड्यात दोन मिळवायचे. एक मिळवला तर काम रखडल्यासारखं दिसतं, तीन मिळवले की कोणीतरी बघायला जातं. आणि काही झालं तरी आकडा खाली आणायचा नाही."

ओढ्यावरच्या पादचारी पुलाचा अहवाल एकदाही आला नव्हता. जुना पूल पाडून चार वर्षं उलटली होती, आणि नवा तिने महिन्याला दोन टक्के अशा गतीने अठ्ठ्याण्णवपर्यंत नेला होता. एकही वीट न लावता आणि कुणाचीही झोप न मोडता. घरी तिच्याकडे जाडजूड कादंबऱ्यांची दोन कपाटं होती. खोटं बोलणाऱ्यांचं पुढे काय होतं, ती वाक्यं तिने पेन्सिलीने अधोरेखितही केली होती. पंचवीस तारखेला त्या विद्वत्तेचा काडीचा उपयोग होत नसे.

पत्रकाचा तिला माहीत असलेला एकुलता एक वाचक म्हणजे तिचे बाबा. छापखान्यात खिळे जुळवण्यात जन्म गेलेला माणूस. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. वाचनालय ओढ्यापलीकडे होतं. पूल असता तर पाच मिनिटं, हमरस्त्याने वळसा घालून अर्धा तास, आणि बाबांच्या गुडघ्यांनी अर्ध्या तासाला साफ नकार दिलेला. म्हणून पुस्तकं ती आणायची, आणि बाबा "हे वाचलंय" म्हणून परत पाठवायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीतून ओढा थेट दिसायचा.

"ऐंशी टक्के झाला म्हणे," ते चष्म्यावरून बघत म्हणायचे. "म्हणजे आपल्याला दिसतोय तो उरलेला वीस."

"बाबा, पाया जमिनीखाली असतो."

"हो का? मग कठडेही जमिनीखालीच बांधतायत वाटतं."

दोघं हसायची. थट्टाच आहे, असं ती धरून चालली होती. मग इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, त्यांनी विचारलं, "किती झाला गं?"

"शहाण्णव."

"मग थांबतो थोडा," ते म्हणाले. चष्मा काढून ठेवलेला होता, त्यामुळे ते थट्टा करतायत की नाही हे तिला कळलं नाही.

ते थांबले नाहीत. कामावर परतल्यावर तिच्या हाताने सवयीने अठ्ठ्याण्णव लिहिलं. आता पुन्हा पंचवीस तारीख आली होती. यात दोन मिळवले की काय होतं, एवढं गणित तिलाही येत होतं. शंभर झालेलं काम यादीतून निघतं, फाइल तळघरात जाते, आणि झालेला पूल पुन्हा कोणी बांधत नाही.

ती खाली अभियंता विभागात गेली. हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे टेपकाका म्हणत; खिशात मोजपट्टी नसली तर त्यांचा चालताना तोल जायचा.

"काका, ओढ्यावरच्या पुलाचं कुठवर आलं?"

"ते तू मला विचारतेस?" टेपकाका चकित झाले. "मी तुझं पत्रक वाचून निश्चिंत होतो. म्हटलं, वरून परस्पर दुसऱ्या कुणाला दिलं असेल. नकाशे मंजूर होऊन माझ्या कपाटात पडलेत. पण एवढ्या पुढे गेलेल्या कामावर मी कशाला माणसं लावू?"

ती समोरच्या स्टुलावर बसली. चार वर्षं ती या विभागाच्या आळसाला मनातल्या मनात नावं ठेवत होती. पूल अडला होता तो तिच्या उद्योगाने.

त्या दुपारी तिने खुलासा लिहायला घेतला. पहिला मसुदा दीड पान झाला. त्यात पश्चात्ताप होता, काळ होता, वाहतं पाणीही होतं. बाबांनी त्यावर तांबडी पेन्सिल आडवी फिरवली असती. शेवटी उरलं ते एवढंच: 'ओढ्यावरील पादचारी पूल: शून्य टक्के. याआधीचे एकोणपन्नास आकडे मी जागेवर न जाता लिहिले होते.' खाली तिचं नाव आणि हुद्दा.

साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. "अठ्ठ्याण्णववरून शून्य? पूर आला होता का, बाई?"

"नाही साहेब. मी होते."

"आकडा खाली येत नाही हो आपल्याकडे. शंभर करा नि मोकळ्या व्हा."

"करते. पण शंभर झालं की उद्घाटन आलं. नगराध्यक्षांना कुठल्या काठावर उभं करू?"

साहेबांनी डोळे मिटले. बहुधा नगराध्यक्ष पाण्यात दिसले असावेत. "निदान 'सुधारित आकडा' म्हणा. आणि तुमचं नाव कशाला? चौकशी लागेल, कळतंय ना?"

"लागू दे."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि सही केली.

पत्रक निघाल्यावर चौथ्या दिवशी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, आणि तापलेला.

"ते शून्य छापायची चूक आहे ना?"

"नाही आजी. अठ्ठ्याण्णव चूक होतं."

"चार वर्षं? माझी बहीण राहते पलीकडे. तिला चालवत नाही, मलाही नाही. दर महिन्याला फोनवर एकमेकींना आकडा वाचून दाखवतो आम्ही! तुमच्या घरी वाट बघणारं कोणी नाही वाटतं?"

"होते," ती म्हणाली. "वडील होते."



"मग कधी होणार गं?" आवाज खाली आला होता.

"माहीत नाही, आजी. तुमचा नंबर द्या. मी जाऊन बघत जाईन आणि सांगत जाईन."

पुढच्या सोमवारी टेपकाकांनी नकाशांची गुंडाळी काखेत मारली आणि दोघं ओढ्यावर गेली. गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. चपलेत चिखल गेला. एकोणपन्नास महिन्यांत पहिल्यांदाच. टेपकाकांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि तिच्याकडून हातोडी मागून घेतली. ते ठोकत असतानाच तिने फोन लावला.

"आजी, काम सुरू झालंय."

"किती टक्के?"

"टक्के नाहीत. दोन खुंट्या. ह्या काठाला."

"आणि तिच्या बाजूला?"

"तिकडे अजून काही नाही. आता वळसा घालून तिकडेच निघालोय."

"अर्धा तास लागेल," आजी म्हणाल्या. "पोचलीस की कर फोन."