भिंतीकडचा पहिला खण

मी एक जुनी मांडणी आहे, आणि तीही चपलांची! हसलात ना, मित्रांनो? हसा खुशाल. पायीची वहाण पायीच बरी म्हणणारे तुम्ही. त्या वहाणांना घर देणारीची आठवण तुम्हाला कशाला होईल? पण आज मनात फार दाटून आलंय, म्हणून बोलते.

समुद्राकाठच्या एका शहरात जुन्या बंदरामागे एक दगडी मशीद आहे. तिच्या दारात माझा जन्म झाला. मोडीत निघालेल्या एका जहाजाच्या फळ्यांतून जहाजं बांधणाऱ्या सुतारानं मला घडवलं. हात फिरवून तो म्हणाला होता, "समुद्राचं पाणी प्यालंय हे लाकूड. सहजी कुजायचं नाही!" त्या एका वाक्यावर मी आजवर तग धरून आहे.

तेव्हा मशिदीला येणारे बहुतेक जण दर्यावर पोट भरणारे होते. बांग झाली की हात-पाय-तोंड धुऊन आत शिरायची गडबड उडायची. प्रत्येकाचा खण ठरलेला. खलाशाचे जाडजूड बूट वर, दोर वळणाऱ्याच्या फाटक्या चपला मधे. वास विचाराल तर विचारू नका! पण तो माणसांचा वास होता, आणि मला तो आवडायचा.

आमच्या दारची एक रीत होती. कुणी जहाजावर गेला की त्याचा खण रिकामा ठेवायचा. कितीही गर्दी होवो, त्यात दुसऱ्या कुणी चपला ठेवायच्या नाहीत. माणूस परतला की घरी जाण्याआधी इथे यायचा आणि आपल्या खणात चपला ठेवून आत नमाजाला जायचा. बाहेर रस्त्यावरून त्याची आई किंवा बायको डोकावायची, आणि खण भरलेला दिसला की तिथेच तोंडाला पदर लावून रडायची. इमामसाहेब एकदा म्हणाले होते, "कोण सुखरूप आहे ते या मांडणीला आमच्याआधी कळतं." ते ऐकून मी कितीतरी दिवस मिरवत होते!

शिडं शिवणारे दोन भाऊ रोज यायचे. थोरल्याचा खण खालच्या ओळीत, भिंतीकडून पहिला. धाकट्याचा त्याच्या शेजारी. दोघे सारखे भांडायचे, पण चपला मात्र शेजारीशेजारी. एक दिवस थोरल्यानं ठरवलं की शिवलेलं शीड वाऱ्यानं फुगलेलं पाहायचं, आणि तो जहाजावर निघाला. जाताना माझ्यावर थाप मारून धाकट्याला म्हणाला, "जागा धरून ठेव रे. कुणाला देऊ नकोस."

"तू ये तर खरा," धाकटा म्हणाला.

जहाज परत आलं. थोरला आला नाही. तो कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत चढलाच नाही, एवढंच खलाशांनी सांगितलं. मेला म्हणावं तर तसंही नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. धाकटा मात्र रोज यायचा, आपल्या चपला ठेवायचा आणि शेजारच्या खणातली धूळ बाहीनं पुसायचा.

मग बंदर खोल पाण्याकडे हलवलं. जहाजांमागोमाग माणसं गेली, घरांची गोदामं झाली. माझे खण एकेक करून ओस पडले. परतणाऱ्यांची वाट पाहायची मला सवय होती हो, पण या वेळी कुणी परतणारच नव्हतं. सगळेच खण रिकामे असले की धरून ठेवलेला कोणता आणि टाकून दिलेला कोणता, हे कुणाला ओळखू येणार?

नाही म्हणायला पाहुणे येऊ लागले. शहरातल्या पाहण्याजोग्या जुन्या मशिदींत आमचं नाव लागलं. वाटाड्या त्यांना खांब दाखवायचा, कमानीवरची नक्षी दाखवायचा, छताचं कौतुक करायचा. काही जण हळूच दोन घटका नमाज पढून जायचे. त्यांची पावलं मला ओळखू यायची. पण त्यांच्यासाठी दारात स्टीलची नवी मांडणी आली. कानामागून आली आणि तिखट झाली! मला दाराच्या आड ढकललं. माझ्या खणांत फडकी, साबणाच्या बाटल्या आणि फुटकी बादली कोंबली. सांगायला लाज वाटते, पण मी फार एकटी पडले.

मशिदीच्या राखणदाराला सगळे किल्लीवाले म्हणत, कारण त्याच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्याच्याआधी वाजत यायचा. त्यानं एकदा थोरल्याच्या खणात ओलं फडकं ठेवलं. धाकट्यानं ते काढून त्याच्या हातात दिलं. केस पांढरे झाले तरी त्याला अजून धाकटाच म्हणायचे.

"अहो काका, आता कसले येताहेत ते?" किल्लीवाले वैतागले.

"आला तर चपला कुठे ठेवील? तुझ्या डोक्यावर?"

"दुरुस्तीचं काम निघतंय. हिला फोडायला सांगितलंय वरून. वाळवी लागलीय हिला."

"मलाही लागलीय. मलाही फोडा!" असं म्हणून धाकटा काठी आडवी टाकून माझ्यासमोर जमिनीवरच बसला. मग त्यानं खिशातून तेलाची बाटली काढली आणि मला तेल लावायला घेतलं.

"बरं बाबा," किल्लीवाले म्हणाले, "तुम्ही येताय तोवर राहू दे."

पुढे धाकटा येईनासा झाला. रोज बांग व्हायची, मी कान देऊन काठीचा आवाज शोधायची, आणि जुडग्याचाच आवाज यायचा. मग त्याची मुलगी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "बाबा गेले. शेवटपर्यंत विचारत होते, मोठ्या काकांचा खण मोकळा आहे ना?" किल्लीवाल्यांनी होकारार्थी मान हलवली.

आता मला वाचवणारं कुणी उरलं नव्हतं. दुरुस्तीचे मजूर मला ओढून न्यायला दोर घेऊन आले, तेव्हा दारात पाहुण्यांची झुंबड होती. स्टीलची मांडणी भरून वाहत होती. एक गृहस्थ बूट हातात घेऊन दाराआड आले आणि वाकून नेमके थोरल्याच्या खणात ठेवू लागले.

"तिथे नको!" किल्लीवाले एवढ्यानं ओरडले की जुडगाही वाजला. "ती जागा धरलेली आहे."

"कुणासाठी?"

किल्लीवाल्यांनी शेजारच्या खणाकडे पाहिलं. "दोघा भावांसाठी," ते म्हणाले. "वरचे खण देतो रिकामे करून. तिथे ठेवा." त्यांनी स्वतः बादली काढली, बाटल्या काढल्या आणि मजुरांना म्हणाले, "दोर गुंडाळा. ही इथेच राहणार."

मित्रांनो, कितीतरी काळानं माझ्या अंगावर कुणाच्या तरी बुटांची ऊब होती. मला रडायला येत असतं, तर मी तेव्हा रडले असते.

आता मी दोन खण धरून बसले आहे. त्यातल्या एकाचा धनी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्याचंही वय काही कमी नसणार. तो असेल की नसेल, कोण जाणे. तुमच्या घरीही कुणाची तरी जागा असेल, तिच्यावर पसारा टाकू नका. आणि कधी कुठल्या परक्या बंदरात एखादा थकला म्हातारा शीड शिवताना दिसलाच, तर त्याच्याजवळ जरा बसा आणि त्याला सांगा, की खालच्या ओळीतला भिंतीकडचा पहिला खण अजून मोकळा आहे, आणि धाकट्यानं तो कुणालाही दिला नाही.