बहिरा रिपीटर

“...प हाउसच्या ग... णी अजून व... कोणी आ...”

आवाज तुटत तुटत आला आणि बंद पडला. स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या रेडिओला कान लावून बसलेल्या बाईंनी बटण दाबलं. “परत सांगा. सावकाश बोला. कुठलं पंप हाउस?”

उत्तरात तसेच तुकडे आले. आवाज नवऱ्याचा होता, पण शब्द एकही धड नव्हता.

उजाडता उजाडता नदीचा बांध फुटला होता. पाठोपाठ फोन गेले. बाईंचा नवरा कारखान्याची मिनीबस चालवायचा. पहिल्या पाळीची माणसं घेऊन तो खालच्या रस्त्याने निघाला होता. गाडीत एक हातात मावणारा रेडिओ होता, तो बाईंनी भांडून ठेवायला लावलेला. “फोन असताना ही ब्याद कशाला?” असं तो म्हणायचा. रेडिओवर बोलायची रीत त्याला कधी जमली नाही. बोलणं संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणायचं सोडून तो “बरं, ठेवतो” म्हणायचा आणि बाईंच्या रेडिओ क्लबातले सगळे हसायचे.

बाहेर जीप थांबली आणि मास्तर आत आले. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली होती.

“नदीकाठाला चार पंप हाउस आहेत,” ते म्हणाले. “बोटवाले विचारतायत, नक्की कुठलं? बोट एकच आहे. भलतीकडे गेली तर परत फिरायला वेळ मिळायचा नाही.”

“रिपीटर बहिरा झालाय,” बाई म्हणाल्या. “स्वतः बोलायला लागला की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. यांचा आवाज आधीच बारीक. वर जायला हवं.”

रिपीटर गावामागच्या टेकडीवर होता. खालच्या लहान रेडिओंचा आवाज तो ऐकायचा आणि ऐकता ऐकताच तो जोरात सगळीकडे पाठवायचा. दोन्ही कामं एकाच अँटेनावर. आपल्याच ओरडण्याने आपलेच कान बसू नयेत म्हणून मध्ये डुप्लेक्सर: माणसाच्या छातीइतके उंच, गोल, धातूचे सहा डबे. तीन ऐकण्याच्या बाजूला, तीन बोलण्याच्या. प्रत्येक डब्याच्या डोक्यावर एक दांडा. तो दांडा केसभर वर-खाली झाला, तरी डबा आपलं काम विसरतो. हे डबे जुळवायचं काम क्लबात बाईंकडे होतं. पोटापाण्यासाठी त्या दातांच्या कवळ्या बनवायच्या, म्हणून सगळे त्यांना कवळीबाई म्हणत. हात सवयीचे, बारीक कामाचे. नवरा म्हणायचा, “हिच्या त्या डब्यांपेक्षा घरातले डबे बरे, शोधलं तर साखर तरी सापडते.”

जीप टेकडी चढत होती. बाईंच्या मांडीवर हत्यारांची पेटी होती आणि ती खडखडत होती. रस्ता खराब होता खरा, पण पेटी जीप थांबल्यावरही खडखडत राहिली.

“मास्तर, हे काम मी सुट्टीच्या दिवशी करते. दिवसभर. चहा घेत घेत,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

“माझ्या हातून आणखी बिघडलं, तर आत्ता येतायत ते तुकडेही यायचे नाहीत.”

“मग नको हात लावायला?”

बाईंनी रिपीटरच्या खोलीचं कुलूप काढायला घेतलं. किल्ली भोकात जाईना. मास्तरांनी हळूच ती त्यांच्या हातातून घेतली आणि दार उघडलं.

आत गरम धातूचा वास होता. रिपीटरवरचा ऐकण्याचा दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. खालून नवरा बोलत होता आणि यंत्र दर वेळी जागं होऊन स्वतःच्याच गोंगाटात त्याचा आवाज बुडवत होतं. बाईंनी माइक हातात घेतला.

“ऐका. तुमचा आवाज तुटतोय. दुरुस्तीसाठी मी इकडचं बोलणं बंद करतेय. थोडा वेळ माझा आवाज येणार नाही. घाबरू नका आणि जागचे हलू नका.”

थोडा वेळ. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर बोललो?

त्यांनी बोलणाऱ्या बाजूचं बटण बंद केलं. गोंगाट थांबला आणि त्याच क्षणी खोलीत, जणू दाराशी उभं राहून बोलावं तसा, नवऱ्याचा आवाज आला.

“...वीटभट्टीच्या मागचं पंप हाउस. गच्चीवर आहोत. सात जण. पाणी खिडकीच्या वर गेलंय. बस वाहून गेली. ऐकू येतंय का?”

मास्तर धावत बाहेर गेले. टेकडीवरून गाव समोर दिसत होतं, त्यामुळे हातातल्या रेडिओवरून बोटवाल्यांशी थेट बोलता येत होतं. वीटभट्टी मात्र पलीकडे होती, डोंगराच्या सोंडेआड; तिथवर रिपीटरची मनोऱ्यावरची उंच अँटेनाच पोचायची. मास्तरांनी तिकडे तोंड करून रेडिओवरून चार-पाच हाका दिल्या. उपयोग झाला नाही. ते परत आत आले.

“बोट निघतेय. पण लांबचा फेरा आहे, पुलाखालून जाता येत नाही.”

“अगं, ऐकू येतंय का?” स्पीकरमधून नवरा म्हणाला.

“येतंय हो,” बाई बंद माइकशेजारी उभ्या राहून म्हणाल्या.

आता दोष कुठे आहे ते कळलं होतं. रिपीटर एकटा ऐकत असला की ठीक, एकटा बोलत असला की ठीक. दोन्ही एकदम जमेना, म्हणजे डब्यांतच काहीतरी सरकलंय. बटण सारखं बंद-चालू करत बोलावं, तर ते जुनं यंत्र एखाद्या वेळी कायमचंच बसायचं. बाईंनी अँटेनाची तार डब्यांपासून सोडवली आणि थेट ऐकणाऱ्या यंत्राला जोडली, म्हणजे काम चालू असताना निदान ऐकू तरी येईल. बोलणाऱ्या यंत्राला ती तार जोडता आली असती तर मध्ये एखाद्या वेळी बोलता तरी आलं असतं, पण तिचं तोंड तिथे बसत नव्हतं आणि मधली जोडणी घरच्या खणात राहिली होती.

ऐकण्याच्या बाजूच्या डब्यांना त्यांनी मीटर लावलं. पडद्यावर एक रेघ उमटली. रिपीटर ज्या लहरीवर बोलतो, पडद्यावर नेमकी त्याच जागी ती रेघ विहिरीसारखी खोल जायला हवी होती. ती जेमतेम खड्ड्याएवढी खाली गेली होती. एकेक डबा सुटा करून पाहायचा. पहिला ठीक होता. दुसऱ्या डब्याच्या दांड्याला बोट लावलं, तर तो हलला. वरचा नट ढिला होऊन दांडा खाली घसरला होता. मागच्या आठवड्यात कुणीतरी मनोऱ्यावर पाइप ठोकत होतं, त्या हादऱ्याने असेल.

“सापडलं का?” मास्तरांनी विचारलं.

“सापडलं. आता जुळायला हवं.”

त्या दांडा वर घेऊ लागल्या. रेघ सरकली, खोल गेली, पलीकडे निसटली. परत मागे. इतका बारीक दांडा, इतकी मोठी बोटं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“बाकीचे विचारतायत कोणी येणारे का,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि त्या शांतपणाचीच बाईंना भीती वाटली. घरात तो नळ गळला तरी आरडाओरडा करायचा. “मी सांगितलंय येणारेत. तू म्हणालीस ना थोडा वेळ. बरं, ठेवतो. बॅटरी राखतो.”

रेघ जागेवर आली. बाईंनी श्वास रोखून नट आवळला. नट आवळताना दांडा किंचित फिरला आणि रेघ परत वर आली. हे नेहमीच होतं. आवळताना किती सरकेल याचा अंदाज घेऊन आधीच थोडं अलीकडे थांबायचं असतं. त्या थांबल्या, आवळलं, चुकलं. पुन्हा ढिलं केलं. घाम डोळ्यांत उतरत होता. मास्तरांनी आपला रुमाल पुढे केला, मग त्यांचे दोन्ही हात गुंतलेले पाहून स्वतःच त्यांचं कपाळ पुसलं.

स्पीकर खरखरला. या वेळी नवरा त्यांच्याशी बोलत नव्हता. बटण दाबलेलं राहिलं असावं.

“आजोबा, बसा खाली. अहो, ते झाड जवळ दिसतंय, पण धार बघा किती आहे.”

मागून एक म्हातारा आवाज आला, तक्रारीचा नव्हे, समजावणीचा. “तुमचं ते यंत्र कधीचं मुकं झालंय. कोणी येत नाही. मला पोहता येतं. पलीकडे रस्ता आहे, जाऊन कुणाला तरी सांगतो.”

“येणारेत, आजोबा. बायको सांगून गेलीय.”

“आता कुठंय ती?”

बाईंचा पाना नटावर होता. मास्तर म्हणाले, “जोडून टाका तसंच. बोला त्यांच्याशी.”

“तसंच जोडलं तर माझं त्यांना ऐकू जाईल, पण त्यांचं मला परत तुकड्यात येईल. बोट पोचेपर्यंत काय होतंय ते कळायचं नाही.” हे म्हणताना त्यांचा हात फिरत होता. “एकदाच. एकदाच बघते.”

स्पीकरमधला आवाज गेला. बटण सुटलं होतं.

बाईंनी नट आवळला. रेघ हलली आणि खोल जाऊन थांबली. तिसरा डबा तपासायचा राहिला होता. तो तसाच सोडून त्यांनी तारा जोडल्या. एक तार घाईत आडवी बसली, ती काढून परत बसवली. बटण चालू केलं. माइक तोंडाशी धरला.

“मी बोलतेय. तुमचं सगळं ऐकलंय. बोट निघालीय, तुमच्याकडेच येतेय. कुणी खाली उतरू नका. आजोबा, तुम्हीसुद्धा. ऐकू येतंय का?”

यंत्र गुणगुणत राहिलं. दिवा लागेना. बाईंनी परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं आणि बटण सोडलं.

दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला.

“येतंय,” नवरा म्हणाला. आवाज सलग होता, एकही अक्षर तुटलं नाही. “स्पष्ट येतंय.”

“जुळलं,” मास्तर म्हणाले.

“सगळे जागेवर आहात ना?” बाईंनी विचारलं.

स्पीकरमधून आधी पाण्याची खळखळ ऐकू आली.

“सहा जण आहोत,” नवरा म्हणाला.

मास्तर रुमालाने आपला चेहरा पुसत होते, आकडा त्यांच्या लक्षात आला नाही. सातवा कुठे, हे बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. बोट येईपर्यंत त्या बोलत राहिल्या: बोट कुठे पोचली, गच्चीच्या कुठल्या बाजूने येईल, आधी कुणाला उतरवायचं. मास्तर म्हणाले, “द्या इकडे, मी बोलतो, तुम्ही बसा जरा.” त्यांनी माइक दिला नाही.

दुपारी बोट उंचावरच्या शाळेच्या मैदानाशी लागली. लोकांची गर्दी होती. ज्यांची माणसं आली ते धावले, ज्यांची आली नव्हती ते बोटीतल्या प्रत्येक तोंडाकडे दोनदा पाहत होते. नवरा सगळ्यात शेवटी उतरला. खांद्यावर कुणाचं तरी पांघरूण होतं. बाईंनी त्याच्या दंडाला हात लावला. तो गार होता.

“सांगत होतो त्यांना,” तो म्हणाला. “थोडा वेळ म्हणालीय, थांबा. दोनदा बसवलं. तिसऱ्यांदा कठड्यावरून पाय टाकला, तेव्हा पाय धरला मी.”

त्याच्या उजव्या हातात एक चप्पल होती. जुनी, अंगठ्याशी शिवलेली. बोटं तिच्याभोवती अशी आवळलेली होती, की बोटवाल्यांनीही ती सोडवायचा प्रयत्न केला नसावा.

“तू बोललीस ना, त्याच्या जरा आधी,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

गर्दीतून एक मध्यम वयाची बाई पुढे आली होती. ती बोटवाल्याला विचारत होती, “आणखी एक फेरी आहे ना? आमचे बाबा होते त्या बसमध्ये. वयस्कर आहेत, कारखान्यातले नाहीत, वाटेत चढले असतील. फेरी आहे ना अजून?” बोटवाला दोर गुंडाळत होता आणि वर बघत नव्हता.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं आणि थांबला.

बाईंनी त्याच्या हाताची बोटं एकेक करून सोडवली. चप्पल त्यांनी पदराने पुसली, दोन्ही हातांत धरली आणि नवऱ्याला तिथेच ठेवून बाबांची चौकशी करणाऱ्या त्या बाईकडे चालू लागल्या.