श्वासाच्या खुणेची जुनी कमांड

मित्रांनो, मी एक जुनी कमांड आहे. आता मला कोणी हाक मारत नाही, आणि मारली तरी ओ द्यायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. ओ देणं हेच कमांडचं आयुष्य असतं, म्हणून आधी हे सांगितलं.

माझा जन्म गाण्यांचं नोटेशन छापणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये झाला. तिथे माणसं अक्षरांत कमांड लिहितात आणि त्यावरून सुरांचं पान तयार होतं. माझं काम चिमूटभर. मला जिथे लिहाल तिथे, ओळीच्या वर, मी एक छोटीशी खूण काढायची. ती दिसली की गाणाऱ्याने श्वास घ्यायचा.

माझी मालकीण म्हणजे नोटेशन जुळवून देणारी ताई. तिचे बाबा गाणी रचायचे. शेवटचं गाणं रचताना दम्याने त्यांना अगदी जेरीस आणलं होतं. ते ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसून गुणगुणायचे, मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "इथे श्वास दे गं." की ताईने मला लिहिलंच! "काय सुबक खूण येते ही," असं बाबा एकदा म्हणाले होते. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. पुढे बाबा गेले आणि त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे साचू लागले.

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या, तशी माझ्या नावाने सूचना उमटू लागली: ही कमांड जुनी झाली आहे, लवकरच काढून टाकली जाईल. पान तर नीट निघत होतं, म्हणून ताईने तिकडे काणाडोळा केला. मला मात्र राहत्या घरात पाहुणी झाल्यासारखं वाटायचं.

मग समूहगानाच्या मास्तरांनी बाबांचं शेवटचं गाणं कार्यक्रमात बसवायला घेतलं. ताईने त्यासाठी सगळ्यात नवी आवृत्ती आणली. तिच्यासोबत जुन्या कमांडींना नवं रूप देणारा एक मदतनीस प्रोग्रॅम येतो. त्याने माझ्या सोबतिणींना चुटकीसरशी नवे कपडे चढवले. माझ्यापाशी मात्र त्याचं घोडं अडलं. 'ही हाताने बदला' असं लिहून तो पुढे गेला, आणि सॉफ्टवेअर पान काढायला तयार होईना. तिकडे मास्तरांचे फोनवर फोन. वैतागून ताईने मला सगळ्या फाइलमधून एकदम पुसून टाकलं. पान लगेच निघालं. मी उरले ते जुन्या प्रतीत, कोणीही न उघडणाऱ्या एका फोल्डरमध्ये. तिथे फार एकटं वाटतं, मित्रांनो.

तालमीनंतर मास्तर तडक ताईच्या घरी आले.

"अगं, हे गाणं आहे की डोंगर चढणं? तिसऱ्या ओळीला निम्मी मंडळी धापा टाकतायत. हसं होईल आपलं. मी हे गाणं कार्यक्रमातून काढतोय."

ताईची आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "ह्यांचं गाणं असं नव्हतं हो. हे जागोजागी थांबायचे."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. आपण काय पुसलं ते तिला आत्ता कळलं. तिने जुनी प्रत उघडली आणि गुणगुणत, मी जिथे जिथे होते तिथे तिथे नव्या फाइलमध्ये नवी कमांड लिहायला घेतली. मास्तर मागून पाहत होते. एका जागी ते म्हणाले, "ही सोड. चुकून पडलेली दिसते. शब्दाच्या मधोमध कोण श्वास घेतं?"

ताईचा हात थांबला.

"चूक नाही ती," आई म्हणाली. "तिथे ह्यांना दम लागायचा."

मग मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "लिही तिथे," ते म्हणाले. "तिथे आम्ही सगळेच थांबू."

गाणं छान झालं म्हणे. मी काही ऐकलं नाही. फोल्डर पुन्हा बंद झालं होतं आणि पानावरच्या खुणा आता नव्या कमांडच्या होत्या.

मित्रांनो, जुन्याला कवटाळून बसा असं माझं म्हणणं नाही. नवं यायलाच हवं. पण जुनं पुसण्याआधी ते तिथे कशासाठी होतं, एवढं विचारत जा. आणि ते सांगणारं माणूस घरात आहे तोवरच विचारा.