खिडकीतलं शिसं

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. शिशाचा, अंगठ्याच्या नखाएवढा. आता समुद्राच्या तळाशी असतो. इथले खेकडे माझ्या गप्पा ऐकत नाहीत, म्हणून तुम्हांला सांगतो.

माझा पहिला जन्म चर्चच्या खिडकीतला. स्कॉटलंडच्या एका वादळी बेटावर तेव्हा रंगीत काचा होत्या आणि त्यांना धरून ठेवणारं शिसं म्हणजे मी. येशूची आई मरिया, तिच्या झग्याची निळी काच माझ्या कुशीत होती. पुढे नवा विचार आला. मूर्ती, मेणबत्त्या, चित्रं ही सगळी माणसांची थोतांडं, देव फक्त बायबलच्या वचनात, असं ठरलं आणि खिडकी फुटली. काचा उकिरड्यावर गेल्या. शिसं लोहाराच्या घरी पिढ्यानपिढ्या पडून राहिलं. मग एका लोहाराने मला वितळवून साच्यात ओतलं. ऐन वेळी तो असा काही शिंकला, की गावाचं अक्षर माझ्यावर जन्माचं वाकडं बसलं.

पण मान मोठा मिळाला. वर्षातून एकदा चर्चमध्ये येशूच्या आठवणीचं जेवण, प्रभुभोजन असे. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, ज्याला लायक ठरवत, त्याच्या तळहातावर बिल्ला ठेवत. तो दाखवेल त्यालाच पांढऱ्या कापडाच्या मेजावर भाकर आणि द्राक्षारस. लोक मला रुमालात बांधत, कुणी हळूच ओठांना लावत. मूर्ती फोडणाऱ्यांचीच ही पतवंडं! पाळकसाहेबांचं प्रवचन तर एवढं लांब, की सुरुवातीला खुडूक बसलेली कोंबडी 'आमेन'ला पिल्लं घेऊन उठे.

आमच्या बेटावर स्वतःला लायक समजायलाच माणसं म्हातारी होत. विधवा एफीनेही साठी ओलांडल्यावर मर्डोकडे बिल्ला मागितला. मर्डो तिचा दीर आणि मंडळीचा वडील. मला खिशात घालून तो तिच्या घरी गेला. खिडकीत काचेचा एक निळा तुकडा होता. त्याचा उजेड मेजावर पडे, नेमका तिची वारलेली लेक शीना बसायची तिथे. एफी त्या उजेडावर हात ठेवून प्रार्थना करी.

"वहिनी, ही काच कसली?"

"पणजीची, भावोजी. तिला उकिरड्यावर सापडलेली."

"काचेची पूजा करता?"

"तुम्ही रोज शेकोटीपुढे हात जोडून बसता, ती काय तुमची देवी?"

मर्डोला हसू आलं, ते त्याने गिळलं. "थट्टा नको. पाळकसाहेबांच्या कानावर गेलंय. बिल्ला हवा असेल, तर ही समुद्रात टाका."

मी ओळखली होती. माझीच काच! मर्डो, ती मूर्ती असेल तर मीही तीच आहे, असं ओरडावंसं वाटलं. शिशाला तोंड नसतं.

एफीची छाती दुखू लागली होती; पुढचं प्रभुभोजन तिला दिसेल याचा भरवसा नव्हता. ती कड्यावर गेली आणि काच फेकून आली. मर्डोने मला तिच्या हातावर ठेवलं.

रविवारी ती मेजापर्यंत आली. मर्डोने बिल्ले गोळा करायची थाळी पुढे केली. एफीने मूठ उघडली, मिटली आणि मागे वळली.

मर्डो मागोमाग तिच्या घरी. "वहिनी, बिल्ला दिला होता ना मी?"

"दिला होतात. पण जिच्या उजेडात देवाशी बोलायचे, तीच बुडवून आले. आता त्याच्या मेजावर कोणत्या तोंडाने बसू?"

"पुढच्या वर्षी बसा."

"तुम्ही बसा, भावोजी. तुम्हांला भूक कमी लागते."

हिवाळ्यात ती गेली. मर्डोने तिच्या मुठीतून मला सोडवलं, पण थैलीत परत टाकलं नाही. मला भोक पाडून त्याने वजन म्हणून जाळ्याला बांधलं आणि त्या कड्याखाली जाळं टाकायला लागला.

"अरे मर्डो, तिथे मासे नाहीत, नुसते खडक!" होड्यांवरून लोक ओरडत. "म्हातारपणी दगड उकडून खाणार काय?"

तो जाळ्यातलं शेवाळ बोटांनी चाचपून बघे आणि पुन्हा जाळं टाके. प्रभुभोजनाच्या मेजावर तो पुन्हा बसला नाही. एके दिवशी जाळं खडकात अडकून फाटलं. मी तळाशी राहिलो आणि तो वर, रिकामी दोरी धरून.

गावात आता बिल्ल्यांऐवजी कागदी चिठ्ठ्या चालतात म्हणे. मला कुणी शोधत नाही. मी मात्र निळं काही दिसतंय का, ते बघत असतो. इथे उजेडच पोहोचत नाही.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी एखाद्या मेजाची राखण येईल. तेव्हा समोरच्याच्या मुठीत काय आहे ते मागाहून बघा. आधी विचारा, जेवलीस का?