ठेवायला दिलेलं टेबल

माझ्या भावाचं, आशुतोषचं, लग्न ठरलं तेव्हा आईने आतल्या खोलीचं दार पूर्ण उघडून बघायचा प्रयत्न केला. ते नेहमीसारखं अर्ध्यावर अडलं. मागे नानामामांच्या ट्रंका होत्या. अंग चोरून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मी डोकावले, तर आत्याच्या लोखंडी कॉटवर, गुंडाळलेल्या गाद्यांच्या शेजारी उरलेल्या टीचभर जागेत ती बसली होती.

"जाई," ती म्हणाली, "या खोलीत आपलं काय आहे, सांग बघू."

मी इकडेतिकडे नजर फिरवली. "पंखा," मी म्हटलं.

वाशीतलं आमचं घर तळमजल्यावर होतं. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. दादर-गिरगावातल्या आमच्या नातेवाइकांना खाडीपलीकडे कुणी आपण होऊन राहायला जातं याचंच नवल वाटायचं. पुलावर बस आली आणि खाडीचा वास सुटला की पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. पण आमचा हॉल आणि दोन खोल्या बघितल्या की त्यांचा सूर बदलायचा. तुमच्याकडे काय बाई, जागाच जागा. मग कुणाची बदली झाली, कुणाच्या खोलीला रंग काढायचा असला, कुणी भावाभावांत वेगळं झालं, की टेम्पो पूल ओलांडून आमच्या दारात यायचा. "महिनाभर राहू दे गं." आई राहू द्यायची. माणसं पुढे मार्गाला लागायची, सामान आमच्याकडे राहायचं.

त्या सामानावरून आई नेहमी एकच वाक्य बोलायची. "लोकांना वस्तू सुटत नाहीत. मला मेलीला कशाचंच काही नाही." आणि ते खरंही होतं. माझे फ्रॉक मला आखूड व्हायच्या आत ती कुणाला तरी देऊन मोकळी व्हायची.

सगळ्या सामानात एक वस्तू तेवढी आतल्या खोलीत मावली नाही म्हणून हॉलमध्ये राहिली होती. नंदिनीकाकूंचं टेबल. काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या यजमानांची, सुधीरकाकांची, इंदूरला बदली झाली, तिथे कंपनीचं सजवलेलं घर मिळणार होतं, म्हणून जेवणाचं टेबल त्या आईकडे ठेवून गेल्या. "सहाएक महिन्यांत येतोच आहोत परत, वहिनी." आठ माणसं आरामात बसतील असं ते सागवानी धूड होतं. कुठल्याही घरात शोभण्यापेक्षा अंमळ मोठंच. एका कडेला पितळेची वाटोळी चकती ठोकलेली होती आणि तिच्यावर चार आकडा होता. तो कशाचा, हे आम्हाला कधी कळलं नाही. आशुतोष नख आपटून ती वाजवायचा.

पहिले काही महिने आईने टेबलावर जुनी चादर घालून ठेवली. आम्ही पुस्तक ठेवलं तरी ओरडायची, "लोकांचं आहे ते." मग एकदा पाहुणे जास्त झाले आणि ताटं टेबलावर मांडली गेली. मग आईने कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या, तेव्हा चादर निघाली ती निघालीच. दुपारी मुलांच्या वह्या, संध्याकाळी बाबांचा उघडलेला ट्रान्झिस्टर आणि त्याचे सुटे स्क्रू, दिवाळीत वर्तमानपत्रावर पसरलेल्या चकल्या. माझी दहावी त्या टेबलावर झाली, आशुतोषचं इंजिनिअरिंग झालं. खुर्च्या मात्र आमच्या, निरनिराळ्या वेळी घेतलेल्या, एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या. सातवीत असताना आशुतोषने कर्कटकाने टेबलावर 'आशू' असं कोरलं होतं. आईने त्याला फटका दिला, त्या अक्षरांत मेण भरलं आणि वरून तपकिरी बूटपॉलिश लावलं. ते उन्हाळ्यात वितळून वह्यांना लागायचं.

जाता-येता त्याचा कोपरा आईच्या कमरेला लागायचा. "कधी एकदा हे धूड जातंय," ती म्हणायची.

तर आता लग्नासाठी आतली खोली मोकळी करायची होती. शहाण्णव साल होतं. रेल्वे खाडी ओलांडून आलेली होती आणि नाकाला रुमाल लावणारे नातेवाईक स्वतःच नेरूळ-जुईनगरला जागा बघत होते. आईने फोन घेतला आणि एकेकाला गाठायला सुरुवात केली. प्रत्येकाचं पहिलं उत्तर सारखंच. "अगं, अजून आहे होय ते? देऊन टाक कुणाला तरी." आई म्हणायची, "बरं, उद्या भंगारवाल्याला बोलावते." मग, "थांब, मी येऊन जातो."

नानामामा आले. आईचे थोरले भाऊ. ट्रंका हॉलमध्ये ओढून त्यांनी एक उघडली, आजीचं तांब्याचं घंगाळ बाहेर काढलं, हाताने पुसलं, पुन्हा आत ठेवलं आणि सुतळी होती तशी बांधली.

"वैजू, पावसाळा झाला की नेतो."

"नाना, कुठल्या सालचा पावसाळा? तुला वापरायचंही नाही आणि टाकायचंही नाही. एकदाचा काय तो निर्णय घे. माझी सून त्या खोलीत येणार आहे."

मामा चहा अर्धा टाकून टॅक्सी शोधायला गेले. ट्रंका टपावर बांधून झाल्यावर त्यांनी वळून बघितलंही नाही. "लागलं वाटतं त्यांना," बाबा म्हणाले. "लागू दे," आई म्हणाली. "वस्तूंना धरून बसायचं म्हणजे तरी किती."

अशी खोली रिकामी होत गेली. एकदा जेवताना बाबांनी सहज विचारलं, "सगळ्यांना कळवून झालं?"

"झालं. नंदिनीलाही इंदूरला फोन केला, शेजाऱ्यांकडे निरोप ठेवलाय."

बाबांचा घास हातातच राहिला. "तिला कशाला? टेबल काही आतल्या खोलीत नाही."

"सगळ्यांना कळवायचं आणि तिलाच नाही, हे बरं दिसतं का? आणि ती काही येत नाही. एवढ्या वर्षांत आली का?"

हे ती टेबलावरचा आमटीचा थेंब पुसत म्हणाली.

पण काकूंचा फोन आला. काका निवृत्त झाले होते, त्यांनी जुईनगरला फ्लॅट घेतला होता आणि निरोप मिळेपर्यंत दोघं राहायलाही आली होती. रविवारी येतो म्हणाल्या.

शनिवारी आईने टेबल पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. मेणबत्ती घेऊन आशुतोषची अक्षरं बुजवायला बसली, मग मधेच उठली आणि मेणबत्ती देवापाशी ठेवून आली.

नंदिनीकाकूंचे केस बरेच पांढरे झाले होते. आल्या आल्या त्यांनी माझ्या गालाला हात लावला, बाबांची चौकशी केली, पण लक्ष सगळं टेबलाकडे. मग त्या सरळ गेल्या आणि कडेवर हात फिरवत चकतीपाशी थांबल्या.

"वहिनी, ही ठेवलीत तुम्ही."

"मी काय करणार होते तिचं," आई म्हणाली. "कशाचा आकडा आहे गं तो?"

"तुम्हाला सांगितलं नव्हतं का मी?" काकू बसल्या. "सांगलीला आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, खाणावळ होती. सहा टेबलं. हे चार नंबरचं, खिडकीजवळचं. सगळे जेवून गेले की दादा इथे बसायचे आणि मला शेजारी घ्यायचे. भाजी संपलेली असायची, मग आम्ही दोघं ताक-भात खायचो. खाणावळ बंद केली तेव्हा पाच टेबलं विकली, हे माझ्या लग्नात दिलं. सासरी सगळे हसले होते."

आई समोरची खुर्ची ओढून बसली.

"गेल्या वर्षी दादा गेले," काकू म्हणाल्या. "कळलं तेव्हा आधी काय आठवलं असेल, तर हे टेबल. तुम्हाला फोन करावासा वाटला. मग वाटलं, इतक्या वर्षांत तुम्ही कधीच मोडीत काढलं असेल. आणि ते ऐकायची तयारी नव्हती माझी."

मी आईकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की त्या टेबलाचं आयुष्य आमच्या हॉलमध्ये सुरू झालं. त्याच्या आधी तिथे कुणी जेवलं असेल, कुणी कुणाची वाट बघत बसलं असेल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं.

"इथे त्याने नाव कोरलंय," आई एकदम म्हणाली. "आशूने. मी बुजवलं होतं, पण ते राहत नाही."

काकूंनी वाकून बघितलं. "असू दे हो. पॉलिशवाला घासून काढेल."

आईने मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली.

पुढच्या रविवारी टेम्पो आला. दोन माणसांनी टेबल आडवं केलं, दारापर्यंत नेलं आणि तिथे ते अडलं. मधल्या काळात सोसायटीत चोरी झाल्यावर बाबांनी बाहेरून एक जाळीचं दार बसवून घेतलं होतं. त्याच्या चौकटीने जागा अरुंद झाली होती. असं फिरवून झालं, तसं फिरवून झालं. गॅलरीला ग्रिल होती.

"नाय जात," टेम्पोबरोबरचा माणूस म्हणाला. "पाय कापायला लागतील. मागून जोडून घ्या."

"कापायचे नाहीत," आई लगेच म्हणाली. "नाही जात तर राहू दे. उगाच चांगल्या वस्तूची कापाकापी कशाला?"

ती ते फार पटकन म्हणाली. मला ती घाई ऐकू आली, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू आली असणार.

काकूंनी खाली बघितलं. "हो. खरं आहे. राहू दे, वहिनी. तुमच्याकडेच शोभतं ते."

पण त्यांचा हात टेबलावरून निघाला नव्हता. आडव्या टेबलाचा एक पाय वर आला होता आणि त्याला त्यांनी लहान मूल रस्ता ओलांडताना आपलं बोट धरतं तसं धरलं होतं. आई त्या हाताकडे बघत उभी राहिली. माणसं घाम पुसत होती. सुधीरकाका घड्याळ बघत होते.

"अहो," आई बाबांना म्हणाली, "तुमचा हत्यारांचा डबा कुठे आहे?"

"कशाला?"

"जाळीचं दार काढायचं आहे. चौकटीसकट."

"अगं, भिंतीचा गिलावा निघेल."

"निघू दे. लग्नाआधी रंग द्यायचाच आहे."

बाबा जागचे हलले नाहीत. मग आईने स्वतःच डबा शोधला, खुर्ची ओढली, पदर खोचला आणि वरचे स्क्रू सोडवायला लागली. एक गंजलेला होता, तो फिरेना. तिने डब्यातला हातोडा घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर ठोका घातला आणि पुन्हा जोर लावला. शेवटी आशुतोषने तिला खाली उतरवलं आणि उरलेली चौकट त्याने काढली. गिलाव्याचा मोठा पोपडा पडला. टेबल बाहेर गेलं. आई टेम्पोपर्यंत आली नाही.

त्या संध्याकाळी बाबा पेपर हातात घेऊन हॉलमध्ये उभेच होते. बेमेळ खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. जिथे टेबल होतं तिथल्या फरशा बाकीच्यांपेक्षा उजळ दिसत होत्या. जेवायला आम्ही सगळे भिंतीला पाठ टेकून एका ओळीत बसलो. आई वाढायला आली आणि थांबली.

"असे काय बसलात ट्रेनची वाट बघितल्यासारखे? वळा जरा."

आम्ही वळून गोल केला. तीही जेवायला बसली. ताटं उचलल्यावर तिने नानामामांना फोन लावला.

"ट्रंका ठेवल्यास का नीट?" तिने विचारलं. "कॉटखाली? ओल नाही ना येत?" मग बराच वेळ ती ऐकतच होती. "नाही रे, मी बोलले ते चुकलंच. घंगाळ बाहेर काढून ठेव. दिसत राहील."

आशुतोषचं लग्न झालं. आतल्या खोलीत माझ्या वहिनीने, गीतांजलीने, निळे पडदे लावले. हॉलमध्ये आम्ही घडीचं टेबल आणलं, चौघांचं. आम्ही पाचही जण एकदम जेवायला बसलो की कुणी तरी ताट घेऊन सोफ्यावर बसायचं.

काकूंनी वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. टेबलाला पॉलिश केलं होतं, त्यावर चेहरा दिसत होता. जिथे 'आशू' होतं तिथे आईने बोट फिरवलं. गुळगुळीत. शाईचा डाग गेला होता, कढईचं काळं वर्तुळ गेलं होतं. आई तिथेच जेवायला बसली आणि तिने पुरणपोळीचं तोंडभरून कौतुक केलं. परत येताना रिक्षात म्हणाली, "ओळखू आलं नाही मला." थोड्या वेळाने म्हणाली, "तिच्या वडिलांना आलं असतं."

मला वाटलं, आता ती तिकडे फिरकणार नाही. पण पुढच्याच आठवड्यात काकूंनी फोन केला, की वालाच्या शेंगा आणल्यात आणि एकटीने सोलत बसायचा कंटाळा आलाय. आई गेली. मग जातच राहिली. कधी निवडायची भाजी पिशवीत घालून न्यायची, कधी काकूंच्या नातीला गणित शिकवायला जायची.

एकदा कॉलेजातून येताना मी तिला न्यायला जुईनगरला उतरले. दार उघडंच होतं. दोघी टेबलाच्या एकाच कडेला बसल्या होत्या, समोर भिजवलेले वाल. काकू सांगलीच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होत्या आणि आई हसत होती. मला बघून तिने पायाने शेजारची खुर्ची मागे सरकवली. मी हात धुऊन आले, बसले, आणि थोडे वाल माझ्याकडे ओढून घेतले.